एकही पोर रडलं नाही

मिशा फुटलेल्या पोरग्यांना भर दुपारी "आई गं, मला घरी घेऊन चल" म्हणून भोकाड पसरायला लावणं, हा एके काळी माझा पगारी उद्योग होता. पगार मिळायचा तो लहान मुलांचे दात कसे बघावेत हे शिकवण्याचा. दंतवैद्यकाचं कॉलेज होतं. कुठलं ते सांगत नाही. घाटावरचं होतं, एवढं पुरे. मी पेडण्याची. घाट चढून तिथे शिकायला गेले आणि शिकवायला राहिले. गोवा तेव्हा नुकतंच राज्य झालं होतं, भाषेच्या भांडणातल्या घोषणा गावोगावच्या भिंतींवरून अजून पुसल्या गेल्या नव्हत्या, आणि मी स्वतःला फार मोठी शोधक समजत होते. वर्गात माझ्याआधी माझ्या चपलांच्या टाचा पोचायच्या. आज ती बाई मला रस्त्यात भेटली तर मी तिला म्हणेन, बये, आधी त्या चपला काढ, मग बोल.

शोध काय होता ते सांगते. आमचे विभागप्रमुख, त्यांना सगळे नुसतं सर म्हणायचे, लहान मुलांचं दंतशास्त्र फळ्यावर शिकवायचे. "भित्र्या मुलांचे प्रकार" असा मथळा, खाली प्रकार. विद्यार्थी ते पाठ करायचे आणि पहिलं खरंखुरं भित्रं मूल समोर आलं की त्याच्याइतकेच भेदरून उभे राहायचे. एकदा एका मुलीला मी पाहिलं, समोर पोर हातपाय झाडतंय आणि ही बाई ओठ हलवत हा कितवा प्रकार ते आठवतेय.

मी म्हटलं, हे पाठ करून येणारं काम नाही. खुर्चीत बसून येणारं आहे. दर आठवड्याला एक तास मी मागून घेतला. त्या तासाला फळा नाही, वह्या नाहीत. एक विद्यार्थी मूल व्हायचा, एक डॉक्टर, एक आई, आणि एकाला मी आजी करायची. आजीने नेमक्या वेळी मागून विचारायचं, "दुखतंय काय रे माझ्या सोन्या?" की झालंच, सगळी मेहनत पाण्यात. बाकीच्यांनी बघायचं आणि मधेच "थांब" म्हणून डॉक्टर बदलायचा.

आता पेडण्याच्या माणसाने काहीही काढलं तरी त्याचं नाटक होतं. आमच्याकडे देवळाच्या उत्सवाला नाटक नाही असं गाव दाखवा. माझे वडील वर्षानुवर्षं पडद्याआडून प्रॉम्प्टिंग करायचे; भूमिका एकही नाही, पण सगळ्या नाटकांतलं सगळं पाठ. तेव्हा ह्या शोधक बाईंनी काय केलं असेल? संवाद लिहून काढले. तालमी घेतल्या. आणि पहिल्या दिवशी कपाटामागे एक प्रॉम्प्टरसुद्धा उभा केला.

मूल झाला होता वर्गातला सगळ्यात उंच मुलगा. आवाज मऊ, डोळे गरीब. त्याने "नको हो डॉक्टरकाका" म्हणायचं, डॉक्टरने तीन गोड वाक्यं बोलायची, मग त्याने तोंड उघडायचं, असं मी लिहिलं होतं. तो पहिल्याच वाक्याला टेबलाखाली गेला.

कपाटामागून आवाज, "उघडतो काका म्हण!"

टेबलाखालून उत्तर, "नाही म्हणणार."

"अरे लिहिलंय तसं!"

"लिहिलं असेल. मला भीती वाटते."

डॉक्टर झालेला मुलगा घामाघूम. मी आधी चिडले, मग हसत सुटले, आणि संवादांचे कागद तिथेच फाडले. त्या उंच मुलाने मला माझा विषय शिकवला असं मी पुढे सगळ्यांना सांगत फिरले. त्याच्यावर माझा फार जीव जडला. हा खरा दात बघणारा होणार, असं मी सरांनाही सांगितलं. सर म्हणाले, "मॅडम, तुमची नाटक कंपनी चांगली चाललीय. पण वेळापत्रकात ह्याला जागा नाही. काही करून दाखवा, मग बघू."

त्या तासाला नियम एकच होता: मुलाला खोटं सांगायचं नाही. टोचणार असेल तर मुंगी चावल्यासारखं होईल म्हणायचं, काहीच होणार नाही म्हणायचं नाही. आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. आणि जे सांगितलं तेवढंच करायचं. उंच मुलाने एकदा विचारलं, "मॅडम, मुलाचा विश्वास बसला की काम किती सोपं होतं ना?" मी म्हटलं, "अगदी!" आणि त्याच्या प्रश्नावर खूश झाले. बघा, अशी मी हुशार.

करून दाखवायचं ते कुठे, ह्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. माझ्या गावात. पेडण्यातलं ते गाव लहान, देऊळ आणि शाळा एकमेकांना लागून. तिथल्या पोरांना दातांच्या डॉक्टरचं भय असं होतं की पांढरा कोट दिसला की सगळी काजूच्या बागेत. त्याआधी कधीतरी जत्रेत एकजण चिमटा घेऊन बसला होता, त्याची कीर्ती अजून टिकून होती. मी सरांना सांगितलं, तपासणी शिबिर घेऊ. फक्त तपासायचं, मोजायचं, ब्रश शिकवायचा. एकही दात काढायचा नाही. एकदा पोरांनी आपणहून तोंड उघडलं की पुढच्या खेपेला उपचार. सर म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं. नव्या राज्यात आपल्या कॉलेजचं नाव होईल."

मी आधी जाऊन घरोघरी हिंडले. शाळेच्या बाईंनी मला दारातच उभं केलं.

"काढायचं काही नाही ना? स्पष्ट सांगा. नाहीतर माझी पोरं शाळेला यायची बंद होतील, आणि मला काजूखाली जाऊन हजेरी घ्यावी लागेल."

"बाई, माझा शब्द."

माझा भाऊ ओसरीवर बसून ऐकत होता. तो म्हणाला, "तुझो शब्द आसा गो. पण येतले ते वीसजण, तेंच्या शब्दाचा काय?"

"ते माझे विद्यार्थी आहेत," असं मी म्हटलं. कसं म्हटलं असेल ते आठवूनही मला आता चटका बसतो. जशी काही वीसजणांना मीच जन्म दिला होता.

भावाची मुलगी, माझी भाची, तेव्हा सात वर्षांची. तिचा खालचा पुढचा दात हलत होता आणि तो तिचा सगळ्यात मोठा ठेवा होता. जिभेने तो पुढेमागे करत ती दिवसभर हिंडायची. पडला की तो घराच्या कौलांवर टाकायचा, म्हणजे उंदीर तो नेतो आणि नवा आपल्या दातासारखा बारीक देतो, हे तिचं ठरलेलं होतं. कौलावर कुठे टाकायचा ती जागासुद्धा तिने मला दाखवली होती.

"आते, तुझे दोतोर माझो दात काडतले?"

"ना गो. फकत मोजतले."

"फट?"

"फट ना. देवाची आण."

आमच्या बोलीत फट म्हणजे खोटं. आणि फटयणं म्हणजे फसवणं. हे शब्द पुढे लागतील.

शिबिराच्या दिवशी घाट उतरून कॉलेजची व्हॅन आली. मी पहाटेच सावंतवाडीला जाऊन त्यांना सामील झाले होते; पुढच्या सीटवर, ड्रायव्हरशेजारी, वरातीतल्या नवरीसारखी. मागे पोरं गाणी म्हणत होती. सीटांखाली चादरीत गुंडाळलेल्या पेट्या होत्या. मी विचारलं, "एवढं काय आणलंत?" सर म्हणाले, "आरसे, कापूस, मॅडम. तुमच्या गावात पोरं किती असतील काय सांगावं!" मागून कुणीतरी खुसखुसलं. मला वाटलं, तरुण पोरं, हसणारच.

गावात पोचल्यावर आधी देवळात. आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. गावचे मानकरी, वयस्क गृहस्थ, देवासमोर उभे राहून काय करणार ते मोठ्याने सांगतात आणि जमलेल्या सगळ्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. म्हणजे देवाच्या साक्षीने सगळ्यांचा रुकार. घाटावरच्या पोरांना ही मोठी गंमत वाटली. ती सगळी ओळीने उभी राहिली.

मानकरी म्हणाले (चेडू म्हणजे मुलगी, ती मी), "बा देवा म्हाराजा, आज ह्या आमच्या गावच्या चेडवान दाताचे दोतोर हाडले आसत."

"व्हय म्हाराजा!"

"ते पोरांचे दात बघतले, मोजतले. काडूचे नाय."

"व्हय म्हाराजा!"

"पोरांका भय नाय, दोतरांका अपेस नाय, असा कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात खणखणीत आवाज उंच मुलाचा. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. मानकऱ्यांनाही बरं वाटलं. बाहेर येताना म्हणाले, "घाटी पोरां, पण भाव आसा."

सरांनी लगेच कामं वाटली. "मॅडम, तुम्ही इथे सभामंडपात आयांना सांभाळा. तुमची भाषा, तुमची माणसं. मुलं आम्ही शाळेच्या खोलीत बघतो." मला ते मानाचं वाटलं. प्लॅस्टरचा मोठा जबडा आणि हातभर ब्रश घेऊन मी आयांपुढे उभी राहिले. शाळेच्या खोलीचं दार मला दिसत होतं, आतलं काही दिसत नव्हतं. शिक्षकांचं एक लाकडी कदेल, म्हणजे हाताची खुर्ची, आत नेलेली पाहिली. पोरं एकेक करून आत जात होती. आणि आतून काय ऐकू येत होतं? हसणं. माझ्या वर्गातलं सगळं जसंच्या तसं. "हा आरसा बघ, ह्यात तुझं नाक केवढं दिसतंय!" "चल, तू मोज माझे, मी मोजतो तुझे." ते शब्द मीच शिकवले होते. ऐकताना मी जबडा हातात धरून फुलत होते.

एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "गो, पोरां रडत नाय ती?"

मी म्हटलं, आणि हे सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "बघितलंत? एकही पोर रडत नाही! शिकवायची पद्धत असते एकेक!"

मग पहिला मुलगा बाहेर आला. तोंडात कापूस. हनुवटीवर लाळ, लाळेला लाल रंग. आपला बधिर ओठ दोन बोटांनी ओढून बघत तो आईकडे चालत गेला. मला वाटलं, हलणारा दात पडला असेल. त्याच्यामागून दुसरी. तिच्याही तोंडात कापूस. मी प्लॅस्टरचा जबडा खाली ठेवला. तिसरी आली ती माझी भाची.

ती धावत नाही आली. माझ्यापर्यंत चालत आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. कापूस चावून धरला होता म्हणून बोलता येत नव्हतं. मी खाली बसले. तिने एका हाताने कापूस काढला आणि म्हणाली, "माझो दात तेणी ठेवलो."

मी आत गेले. भिंतीशी बाकीची पोरं कापूस चावत ओळीने बसली होती. खिडकीजवळ, आमच्या बोलीत जनेल, तिथे पत्र्याच्या तबकात दात होते. पोरांचे दुधाचे दात, नुकते धुतलेले. बाजूला पकडी, सुया, औषध. चादरीत होतं ते हे. आणि उंच मुलगा एका लहानग्यापुढे गुडघ्यांवर बसून मऊ आवाजात म्हणत होता, "आता ह्या दाताला झोप आणणारं पाणी देऊ या. मुंगी चावेल हं." माझीच मुंगी.

"थांब," मी म्हटलं. वर्गात म्हणायची तसं.

तो उठला. त्याला खरंच काही कळलं नव्हतं. "मॅडम, काय चुकलं?"

"काढायचं नव्हतं!"

"मॅडम, सरांनी परवाच सांगितलं होतं. परीक्षेला बसायला इतके दात काढलेले लागतात, कोटा असतो, तुम्हाला माहीतच आहे. कॉलेजात लहान मुलं येतात कुठे? इथे मिळतील म्हणाले."

"परवा? म्हणजे तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?"

आमच्या तासाला आजी व्हायची ती मुलगी खिडकीतून बाहेर बघायला लागली. मी म्हटलं, "देवळात 'व्हय म्हाराजा' कोण म्हणालं?"

"मॅडम, ते गंमत म्हणून..."

"आणि ती जी सात वर्षांची आत्ता गेली, तिचा दात तर हलत होता. आपणहून पडला असता."

"म्हणूनच तो सोपा होता," तो म्हणाला. आणि मग, मनापासून, मला धीर द्यावा तसं, "पण मॅडम, रडलं का एक तरी? बघा ना. तुमची पद्धत काम करते."

सर आत आले तेव्हा मी तबकातून भाचीचा दात शोधत होते. कितीतरी खालचे पुढचे दात. कुठला तिचा, कळेना. दंतवैद्य मी, आणि मला माझ्या घरच्या पोरीचा दात ओळखता येईना. सर म्हणाले, "ते राहू दे मॅडम, मोजून सही करायचीय. आणि अभिनंदन! इतकं शांत शिबिर मी उभ्या जन्मात पाहिलं नाही."

"सर, तुम्ही मला शब्द दिला होता."

"दिला होता. पण तुम्हीच बघा, तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही गावाला सांगितलं असतं, आणि गावाने पोरं पाठवली नसती. तुमच्याशिवाय हे झालंच नसतं."

मला शब्दातलं खोटं लागलं नाही इतकं. लागलं ते हे, की त्यांचं म्हणणं खरं होतं. माझ्याशिवाय झालं नसतं. पोरांना बागेतून बाहेर काढायला मीच लागले, त्यांची तोंडं उघडायला माझीच वाक्यं लागली. मला आमिषासारखं गळाला लावलं होतं आणि मी तिथे डोलत होते.

त्यात गावाने जेवण केलं होतं. खतखतं, भात, सोलकढी. ठरलं होतं म्हणून वाढलंही. कॉलेजच्या पोरांनी दोनदा भात घेतला. गावची माणसं बोलली नाहीत. शाळेच्या बाई वाढायला आल्या नाहीत एवढंच. भाऊ माझ्याशेजारी येऊन बसला, माझ्या पानात सोलकढी ओतली आणि म्हणाला, "जेव गो." ओसरीवर मला टोमणा मारणारा माझा भाऊ. त्याने तेव्हा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

व्हॅन निघायची वेळ झाली. मी म्हटलं, मी राहते. सर म्हणाले, "तुमची मर्जी." उंच मुलाने खिडकीतून हात हलवला. मानकरी देवळात उभे होते. त्यांनी मला हाक मारली.

"चेडवा, देवाक सांगलेलां एक, जालां एक. ता परत सांगूक व्हया."

आम्ही दोघंच. मंडपात माझा प्लॅस्टरचा जबडा तसाच आ वासून पडलेला. ते देवासमोर उभे राहिले, घसा साफ केला.

"बा म्हाराजा, सकाळी काडूचे नाय म्हणून सांगलां, आणि काडले."

प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी रुकार द्यायचा असतो. ते थांबले. मी इकडेतिकडे पाहिलं. मग एकटीने म्हटलं, "व्हय म्हाराजा." सकाळी वीस गळ्यांचं जे होतं, ते एका गळ्यात किती बारीक वाटतं, ते मी तेव्हा ऐकलं. रस्त्यावर व्हॅनचा हॉर्न वाजला आणि ती वळणापलीकडे गेली.

कॉलेजात परतल्यावर कळलं की माझा तास वेळापत्रकात आला. छापील. सरांनी सगळ्यांपुढे माझं कौतुक केलं, पेढे वाटले. नोकरी सोडायचं मी ठरवलं होतं. राजीनामा मनात लिहिला, फार सुंदर लिहिला, आणि दिला नाही. त्या वयात मला राग फार छान यायचा, पण तो घेऊन जायचं कुठे ते ठाऊक नव्हतं. तास घेत राहिले. उंच मुलगा पुन्हा मूल झाला, पुन्हा टेबलाखाली गेला, सगळे हसले. मला हसू आलं नाही. मला वाटलं, ह्याला भीती कशी दिसते ते माहीत आहे, कशी लागते ते माहीत नाही. पण हे त्याला कसं शिकवायचं, ते मला येईना.

मे महिन्यात घरी गेले. भाचीच्या तोंडात खालचा नवा दात अर्धा वर आला होता, पण वरच्या दाढेने गाल सुजला होता. पोर रात्रभर कण्हत होती म्हणून वहिनी म्हणाली, "तू घरातच आसस, बघ तरी."

भाची दाराला टेकून उभी. "तू काडतली?"

"ना. बघतली फकत."

"त्या दिसा पण तू ना म्हणालेलंस."

मी पर्समधला आरसा काढला. मग तीच म्हणाली, "बरां. आधी तू तोंड उघड. मी तुझे मोजतंय. मग माझे तू मोज."

मी इतकी आनंदले! हे तर आमच्या तासातलंच. सांग, दाखव, कर. मी कदेलावर बसले, मान मागे टाकली, तोंड उघडलं. तिने माझा आरसा घेतला आणि अगदी सावकाश मोजायला लागली. चुकली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दाढेपर्यंत बोट घातलं. माझा जबडा दुखायला लागला, लाळ गळायला लागली, ओकारी आली. मी हातानेच खुणावलं, झालं का. ती म्हणाली, "वायच थांब." मग आरसा माझ्या मांडीवर ठेवला, दारापर्यंत गेली, आणि तिथून ओरडली,

"फटयलां! फटयलां आतेक!"

आणि विहिरीकडे पळाली.

मी तिथेच बसून राहिले. तोंड मिटायचंसुद्धा सुचलं नाही. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होती. आणि मी, एवढी शिकलेली बाई, रुसले. साध्या खेळात, सात वर्षांच्या पोरीने फसवलं म्हणून. माझं उघडं तोंड तिथेच सोडून ती गेली, त्याचं इतकं वाईट वाटलं. त्या शाळेच्या खोलीत कापूस चावून उठलेल्या प्रत्येक पोराला हेच वाटलं असणार, मला ते आत्ता पहिल्यांदा माझ्या जबड्यात कळत होतं.

दोन दिवसांनी भावाने तिला म्हापशाला एका डॉक्टरकडे नेलं. परका माणूस, ओळखही नाही. त्याच्यापुढे तिने लगेच तोंड उघडलं. भाऊ येऊन सांगत होता आणि मी तांदूळ निवडत होते. मान वर केली नाही.

जूनमध्ये तास सुरू झाले. नवी मुलं, आणि मागच्या बाकावर तो उंच मुलगाही; आता पास होऊन तिथेच काम करत होता, कौतुकाने माझा तास बघायला आला होता. मी म्हटलं, "आज नाटक नाही. सगळ्यांनी डोळे मिटून तोंड उघडा. मी एकेकाच्या जिभेवर साखर ठेवणार आहे. चव कुठे कळते ते बघायचंय." त्याच मऊ आवाजात. सगळ्यांनी उघडली. मी घरून आणलेला किराईताचा काढा चमच्याने एकेकाच्या जिभेवर घालत गेले. आमच्याकडे तापाला देतात, कडू म्हणजे असा की दिवसभर जीभ आपली वाटत नाही.

काय गोंधळ झाला! थुंकायला धावाधाव. "मॅडम, हे काय!" "तुम्ही साखर म्हणालात!" एक मुलगी रागाने रडायलाच लागली. उंच मुलगा रुमालाने जीभ पुसत होता. त्याचा चेहरा मी पहिल्यांदाच तसा पाहिला. आवाजही मऊ नव्हता.

"मॅडम, हे बरोबर नाही. आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवला."

"रडलास का?"

"काय?"

"एक तरी रडलं का, तूच विचारत होतास."

त्याला आठवलं. लाल झाला. रुमालाची घडी करत बसून राहिला. त्याला कळलं की नुसता अपमान वाटला, हे मला आजतागायत माहीत नाही. पुढे त्याचा दवाखाना फार चालला, असं ऐकते.

मग मी पर्समधून डबी काढली. तिच्यात खरंच साखर होती. त्यांची तोंडं गोड करावीत म्हणून मुद्दाम आणली होती. मी म्हटलं, "चला, आता खरी साखर. उघडा बघू."

सगळा वर्ग ओठ मिटून माझ्याकडे बघत राहिला. मी साखर दाखवली, डबी फिरवली, वास घ्या म्हटलं. एकानेही तोंड उघडलं नाही. मी चमचा घेऊन ओळीने एकेकापुढे थांबत गेले, आणि एकेकजण मान फिरवत गेला. उंच मुलापुढे जरा जास्त थांबले. त्यानेही फिरवली.

तास संपल्याची घंटा झाली. वर्ग रिकामा झाल्यावर ती साखर मी एकटीने बसून खाल्ली.